उसन्या गाण्याचा हिशेब

२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात ब्रिटनमध्ये एक चमत्कारिक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्यामागे हजाराहून अधिक संगीतकार उभे होते, पण तिच्यात गाणे एकही नव्हते. रिकाम्या स्टुडिओंमधील शांतता तेवढी तीत मुद्रित केलेली होती. निषेध होता तो ब्रिटिश सरकारच्या एका प्रस्तावाचा. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे घडविणाऱ्या कंपन्यांना प्रसिद्ध झालेले साहित्य, संगीत आणि चित्रे वापरण्याची कायदेशीर मोकळीक असावी, ज्या मालकाला ती नको असेल त्याने तसे आधी स्पष्टपणे कळवावे, असा हा प्रस्ताव २०२४ च्या डिसेंबरात सरकारने मांडला होता. पुढे जून २०२५ मध्ये माहितीच्या वापरासंबंधीचा कायदा संमत झाला. कलावंतांनी मागितलेले संरक्षण त्यात आले नाही. या प्रश्नावर अहवाल सादर करण्याचे आश्वासन मात्र आले.

या वादात मोकळिकीच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास केला जातो. संगीत हे पूर्वापार उसनवारीवरच वाढत आलेले आहे. एकाची चाल दुसऱ्याने उचलली नसती तर कोणतीच परंपरा निर्माण झाली नसती. मग यंत्राने ऐकून शिकले तर बिघडले कोठे? हा युक्तिवाद वरवरचा म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. त्यातील पहिले विधान खरेच आहे. परंतु उसनवारी हा शब्द आला की परतफेड हा शब्दही त्याच्या पाठोपाठ येतो. संगीतातील उसनवारी प्रत्यक्षात कशी होत होती, तिला कोणते नियम होते आणि त्या नियमांनी कोणाचे भले केले, हे पाहिल्याशिवाय या वादाचा निकाल लावणे योग्य होणार नाही. त्यासाठी १९७८ सालच्या एका छोट्या घटनेचा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे. बेलफास्टच्या चार तरुणांच्या एका रॉक वाद्यवृंदाने बीबीसीच्या रेडिओसाठी त्या वर्षी जमैकाचे एक रेगे गीत ध्वनिमुद्रित केले. घटना एवढीच. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तीत पुष्कळ काही सापडेल.

दोन शहरे, एक गोळी

गाण्याचे नाव 'जॉनी वॉज'. बॉब मार्ली आणि वेलर्स यांच्या १९७६ सालच्या 'रास्तामान व्हायब्रेशन' या ध्वनिमुद्रिकेत ते प्रथम आले. रस्त्यावर झालेल्या गोळीबारात भलत्याचीच गोळी लागून मुलगा मरतो आणि त्याची आई आक्रोश करते, एवढाच त्याचा आशय आहे. किंग्स्टन शहराला हा आशय नवा नव्हता. १९७३ नंतरच्या तेलाच्या दरवाढीने जमैकाची अर्थव्यवस्था खिळखिळी झाली होती, परकीय चलनाची चणचण होती आणि बेकारी वाढत होती. दोन प्रमुख राजकीय पक्षांनी गरीब वस्त्या आपापसांत वाटून घेतल्या होत्या. घर आणि काम ज्या पक्षाच्या कृपेने मिळे, त्याच पक्षाच्या हत्यारबंद टोळ्या त्या वस्तीवर राज्य करीत. जून १९७६ मध्ये तेथे आणीबाणी पुकारण्यात आली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला खुद्द मार्लीच्या घरात शिरून हल्लेखोरांनी गोळीबार केला. त्यात मार्ली आणि त्याची पत्नी रिटा दोघेही जखमी झाले. दैवदुर्विलास असा की, या गाण्याची रचनाकार म्हणून ध्वनिमुद्रिकेवर नाव होते ते रिटा मार्लीचेच.

बेलफास्टच्या मुलांना या गाण्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. उत्तर आयर्लंडची लोकसंख्या जेमतेम पंधरा लाख. १९६९ च्या सुमारास सुरू झालेल्या आणि १९९८ च्या करारापर्यंत चाललेल्या संघर्षात तेथील सुमारे साडेतीन हजार माणसे प्राणांस मुकली. १९७५ च्या जुलैमध्ये कार्यक्रम आटोपून परतणाऱ्या मायामी शोबँड या लोकप्रिय वाद्यवृंदाची गाडी अडवून त्यातील तिघांना ठार करण्यात आले. त्यानंतर बाहेरचे कलावंत बेलफास्टला येईनासे झाले. ऑक्टोबर १९७७ मध्ये लंडनचा क्लॅश हा पंक वाद्यवृंद तेथे पोहोचला, पण सभागृहाचा विमा ऐनवेळी काढून घेण्यात आल्याने कार्यक्रम रद्द झाला. ज्या शहरात गाण्याच्या कार्यक्रमाची जोखीम पत्करायला विमा कंपनीही तयार नाही, त्या शहरातील तरुणांनी करमणुकीसाठी कोठे जावे? त्यांनी स्वतःच वाद्ये हातात घेतली. 'स्टिफ लिटल फिंगर्स' हा वाद्यवृंद त्यांतलाच एक. जेक बर्न्स हा त्याचा गायक. मार्च १९७८ मध्ये त्यांनी आपली पहिली तबकडी पदरमोड करून काढली आणि ती जॉन पील यांच्या हाती पडली.

पील हे बीबीसीच्या रेडिओ वनवरचे निवेदक. १९६७ पासून २००४ साली झालेल्या मृत्यूपर्यंत, सदतीस वर्षे, त्यांनी आपल्या रात्रीच्या कार्यक्रमात अशा अनोळखी कलावंतांना स्थान दिले. त्यांनी ही तबकडी पुन्हा पुन्हा वाजविली आणि वाद्यवृंदाला रेडिओसाठी ध्वनिमुद्रण करण्याची संधी मिळाली. 'जॉनी वॉज' हे १९७८ सालच्या अशा एका मुद्रणातील गाणे. मूळ गाण्याची लय सैल आणि झुलती आहे. बेलफास्टच्या मुलांनी तिच्याजागी लष्करी संचलनाचा आठव करून देणारा ढोल आणला, गिटारचा आवाज करवतीसारखा धारदार केला आणि गोळी सुटते ती बेलफास्टमध्ये, असे शब्दांत घातले. किंग्स्टनची आई कोणत्याही प्रस्तावनेवाचून बेलफास्टची आई झाली. कॅथलिक की प्रोटेस्टंट, हा प्रश्न गाण्यात कोठेच आला नाही, आणि त्या शहरात तो न येणे हेच मोठे विधान होते.

सुईचा वेळ

आता प्रश्न असा की, ज्यांच्यामागे कोणतीही मोठी कंपनी नाही अशा मुलांना बीबीसीने आपला स्टुडिओ का द्यावा? पील यांची गुणग्राहकता हे त्याचे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे एका रूक्ष करारात दडलेले आहे.

१९३३ साली ब्रिस्टल शहरातील एका उपाहारगृहाने गिऱ्हाइकांसाठी ग्रामोफोनची तबकडी वाजविली. तबकडी बनविणाऱ्या कंपनीने दावा लावला आणि जिंकला. सार्वजनिक ठिकाणी तबकडी वाजवायची तर तिच्या उत्पादकाची परवानगी हवी, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले आणि १९३४ मध्ये ही परवानगी देण्यासाठी कंपन्यांनी एक सामायिक संस्था स्थापन केली. इकडे वादकांच्या संघटनेला वेगळीच चिंता होती. रेडिओने दिवसभर तबकड्याच वाजविल्या, तर हाडामांसाच्या वादकांना काम कोण देणार? या दोन्ही दबावांतून असा करार झाला की, बीबीसीने बाजारातील तबकड्या दिवसातून ठरावीक तासांपुरत्याच वाजवाव्यात. या मर्यादेला 'नीडल टाइम' म्हणत. म्हणजे तबकडीवर सुई टेकवून ठेवण्याचा वेळ. उरलेला वेळ भरायचा तर वादकांना बोलावून, त्यांना मोबदला देऊन, गाणी खास रेडिओसाठी मुद्रित करणे भाग होते.

'सेशन' या प्रकाराचा उगम हा असा आहे. सकाळी वाद्यवृंदाने स्टुडिओत यावे, दिवसभरात बहुधा चार गाणी मुद्रित करावीत, पुढे ती कार्यक्रमात प्रक्षेपित व्हावीत. एकट्या पील यांच्या कार्यक्रमासाठी चार हजारांहून अधिक सेशन झाली आणि दोन हजारांवर कलावंतांनी त्यांत भाग घेतला. बहुतेक मुद्रणे लंडनच्या मेडा व्हेल येथील बीबीसीच्या स्टुडिओत होत. खर्च निघे तो परवाना शुल्कातून, म्हणजे सामान्य श्रोत्याच्या खिशातून.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असे निर्बंध बाजारपेठेतील विकृती म्हणून दाखविले जातात. ते चूक नाही. श्रोत्याला हवी ती तबकडी हवी तेव्हा ऐकायला मिळत नव्हती, हा त्याचा तोटाच होता. १९६० नंतरच्या दशकात समुद्रात जहाजे नांगरून चालविलेली चोरटी रेडिओ केंद्रे लोकप्रिय झाली, ती या दुष्काळामुळेच. पण त्याच निर्बंधाने एक असे सार्वजनिक साधन निर्माण केले, जे कोणी योजून निर्माण केले नव्हते. ज्याच्याकडे भांडवल नाही त्याला उत्तम ध्वनियंत्रणा, अनुभवी तंत्रज्ञ आणि देशभरचा श्रोता एका दिवसात उपलब्ध झाला. शिवाय सेशनमधील गाणे बाजारात खपलेच पाहिजे असे बंधन नसल्याने प्रयोगाला धाडस लागत नसे. पंक वाद्यवृंदाने रेगे गाऊन पाहावे, याला यासारखी दुसरी सोयीची जागा नव्हती. पील हे एकाच रात्रीत पंक आणि रेगे दोन्ही वाजवीत, त्यामुळे श्रोताही तयार होता.

सव्वासहा टक्के

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बेलफास्टच्या मुलांनी किंग्स्टनचे गाणे घेतले, त्याबद्दल किंग्स्टनला काय मिळाले?

गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. एक शब्द आणि चाल यांची. दुसरी विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. सेशनमध्ये मार्लीची तबकडी वाजली नाही. म्हणून तिच्या उत्पादक कंपनीला काही देणे नव्हते. पण शब्द आणि चाल वापरली गेली. म्हणून बीबीसी रचनाकारांच्या संस्थेला दरसाल जी रक्कम देई, तीतून या प्रक्षेपणाचा वाटा रचनाकाराच्या नावे लागत असे. पुढे फेब्रुवारी १९७९ मध्ये हे गाणे वाद्यवृंदाच्या 'इन्फ्लेमेबल मटेरियल' या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत आले, आठ मिनिटांहून अधिक लांबीचे होऊन आले. 'रफ ट्रेड' या छोट्या, स्वतंत्र कंपनीने ती काढली. तिच्या एक लाखावर प्रती खपल्या आणि खपाच्या यादीत पहिल्या विसांत शिरलेली ती स्वतंत्र कंपनीची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका ठरली. मार्लीची तबकडी काढणाऱ्या 'आयलंड' कंपनीने याच वाद्यवृंदाशी आधी बोलणी करून मग माघार घेतली होती, हीही त्यातली एक गंमत.

तबकडीसाठी नियम निराळा होता. १९५६ च्या ब्रिटिश कायद्यानुसार एखादे गाणे रचनाकाराच्या संमतीने एकदा तबकडीवर आले की, पुढे कोणीही रीतसर सूचना देऊन ते पुन्हा मुद्रित करू शकत असे. त्याने किरकोळ विक्रीच्या किमतीवर सव्वासहा टक्के स्वामित्वधन भरले म्हणजे झाले. 'इन्फ्लेमेबल मटेरियल'मध्ये तेरा गाणी होती. समान वाटणी धरली तर एका गाण्याच्या वाट्याला विक्रीच्या किमतीच्या अर्ध्या टक्क्याहूनही किंचित कमी रक्कम येते. शंभर रुपयांच्या मालावर अठ्ठेचाळीस पैसे. रक्कम मोठी नाही. पण एक लाख प्रतींनी गुणली म्हणजे ती नगण्यही राहत नाही.

या व्यवस्थेचे मर्म असे की, तिने परवानगी आणि मोबदला या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या. परवानगी मागत बसण्याची अट असती, तर ज्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिकाही अजून निघायची होती त्या चार मुलांच्या पत्राला एखाद्या वकिलाच्या कचेरीत कोण उत्तर देणार होते? आणि मोबदल्याची अट नसती, तर ती सरळ लूट झाली असती. गाणे मोकळे, पण फुकट नव्हे, हा त्या नियमाचा सारांश होता.

कागदावरचे नाव

अर्थात कायदा चांगला असला म्हणजे पैसा योग्य हाती पडतोच, असे नाही. 'जॉनी वॉज'चीच कथा त्याचे उदाहरण आहे. मार्लीचा आरंभीचा प्रकाशन करार केमन म्युझिक या संस्थेशी झालेला होता. त्या कराराच्या कचाट्यातून आपल्या रचना सोडविण्यासाठी १९७४ ते १९७६ या काळातील कित्येक गाण्यांवर मार्लीने स्वतःऐवजी नातलगांची आणि मित्रांची नावे घातली, असे पुढे उघड झाले. विख्यात 'नो वुमन, नो क्राय' हे गाणे व्हिन्सेंट फोर्ड या किंग्स्टनमधील मित्राच्या नावावर आहे, ते याच पद्धतीचे असल्याचे मानले जाते. मार्ली १९८१ साली वारला, पण या काळातील तेरा गाण्यांच्या हक्कांचा तंटा लंडनच्या उच्च न्यायालयात २०१४ सालापर्यंत चालला आणि तेथे केमनचा दावा फेटाळला गेला. आपल्याच श्रमाचे फळ आपल्या घरात राहावे म्हणून जगप्रसिद्ध कलावंताला आपलेच नाव लपवावे लागावे, यावरून सौदा करताना दुर्बळ बाजूची काय अवस्था असते ते दिसते. ज्यांना जगाने ओळखलेच नाही अशा वादकांची तर बातच नको. जमैकाला १९९३ पर्यंत स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदा नव्हता. १९११ सालच्या ब्रिटिश कायद्यावर काम भागविले जाई. वादकाने दिवसाची मजुरी घ्यावी आणि निघून जावे, हीच तेथील स्टुडिओंची रीत होती.

शिवाय मोबदला दिला म्हणजे ऋण फिटले, असेही नाही. एरिक क्लॅप्टनने मार्लीचे 'आय शॉट द शेरिफ' गायिले आणि १९७४ साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच क्लॅप्टनने ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या व्यासपीठावरून कृष्णवर्णीय आणि आशियाई स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. त्यावर उमटलेल्या संतापातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ जन्माला आली. गाणे आवडते पण गाणारी माणसे शेजारी नकोत, अशी ही वृत्ती. याच्या उलट बेलफास्टच्या मुलांनी गाणे घेतले ते स्वतःचे दुःख सांगण्यासाठी, आणि ते सांगताना मूळच्या दुःखाचा मान राखून. दोन्ही ठिकाणी कायद्याचे कलम एकच लागू होते. फरक होता तो नीतीचा, आणि नीतीचे कलम कायद्यात घालता येत नाही. कायद्याने करावयाचे ते एवढेच की, घेणारा सज्जन असो वा नसो, देणाऱ्याचा वाटा बुडू नये.

नियम गेले, प्रश्न उरला

पुढे हे दोन्ही नियम मोडीत निघाले. १९८८ साली ब्रिटनच्या मक्तेदारीविषयक आयोगाने 'नीडल टाइम' रद्द करावा अशी शिफारस केली आणि लवकरच तो संपुष्टात आला. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने सव्वासहा टक्क्यांची सक्तीची परवानगीही काढून टाकली. श्रोत्याला तबकड्या मुबलक ऐकायला मिळू लागल्या, हा लाभ नाकारता येणार नाही. सेशनची प्रथाही अगदी नाहीशी झाली नाही. बीबीसीच्या 'लाइव्ह लाउंज'सारख्या कार्यक्रमात कलावंत आजही परक्याचे गाणे गातात. परंतु पूर्वी जे नियमामुळे घडत होते ते आता आवडीमुळे घडते, आणि आवड ही बहुधा नावारूपाला आलेल्यांकडे वळते.

या प्रश्नाशी मराठी वाचकाचाही संबंध आहे. भारतात २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीतील आपला वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद केली. दुर्बळ बाजूला तिच्याच नाइलाजाच्या सहीपासून वाचविण्याचा हा उपाय होता. मूळ मुद्रणाला पाच वर्षे झाल्यावर स्वामित्वधन भरून गाण्याची नवी आवृत्ती काढण्याची मुभाही त्याच दुरुस्तीत आहे. तरीही रेडिओवर ध्वनिमुद्रण वाजले तर गीतकार-संगीतकारांना वेगळे काही द्यावे लागते काय, हा वाद चालूच राहिला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या अंतरिम आदेशात रचनाकारांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे 'वाटा कोणाचा' हा प्रश्न कायदा झाल्यावरही अकरा वर्षे लढवावा लागला.

आता आरंभीच्या वादाकडे पाहिले तर त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. यंत्र घडविणाऱ्या कंपन्यांना जुन्या व्यवस्थेतील एक पाय हवा आहे, दुसरा नको. परवानगी मागावी लागू नये, हे त्यांचे म्हणणे १९५६ च्या कायद्याला परके नव्हते. पण त्या कायद्यात त्याच वाक्यात सव्वासहा टक्केही होते, आणि कोणाचे गाणे घेतले त्याची नोंदही होती. बेलफास्टच्या चौघांनी एक गाणे घेतले, ते कोणाचे ते सर्वांना ठाऊक होते. यंत्र लक्षावधी गाणी घेते आणि कोणाचे काय घेतले याचा पत्ता लागू देत नाही. नोंद नाही म्हणून हिशेब नाही, आणि हिशेब नाही म्हणून देणे नाही, अशी ही साखळी आहे.

म्हणून मागणी करायची ती उसनवारी थांबविण्याची नव्हे. ती थांबली तर किंग्स्टनच्या आईचा आक्रोश बेलफास्टपर्यंत पोहोचणार नाही, आणि यात तोटा गरिबांचाच अधिक आहे. कारण त्यांच्याकडे देण्यासारखे आणि घेण्यासारखे पुष्कळदा गाणेच असते. मागणी करायची ती तीन गोष्टींची. काय घेतले याची उघड नोंद हवी. त्याचा दर ठरलेला हवा, आणि तो घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नसावा. वसूल झालेला पैसा मधल्या करारांत न मुरता मूळ रचनाकाराच्या घरी पोहोचेल, अशी तजवीज हवी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी जुन्या ब्रिटिश व्यवस्थेला साधल्या होत्या. तिसरी तिलाही साधली नाही. नव्या व्यवस्थेत पहिल्या दोन्हीही हातच्या जाणार असतील, तर तिला प्रगती म्हणता येणार नाही.